दुसऱ्या भाषेतल्या आठवणी

प्रस्तावना

‘इंग्रजी समजतं, वाचता येतं, लिहिताही येतं, पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही.’ प्रौढांना भाषा शिकवण्याच्या कामात हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की नवा विद्यार्थी ते अर्ध्यावर असतानाच उरलेलं मला कळतं. हे सांगणारी माणसं आळशी नसतात आणि मंदही नसतात. दहा-बारा वर्षं शाळेत इंग्रजी विषय घेऊन ती पास झालेली असतात, काहींना तर उत्तम मार्क मिळालेले असतात. शब्द माहीत, काळ माहीत, चुकलेलं वाक्य दाखवलं तर ते का चुकलं हेही सांगता येतं. आणि तरीही मुलाखतीत ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ एवढं इंग्रजीतून विचारलं की त-त-प-प होतं. परत येताना रिक्षात बसल्यावर मात्र सगळी उत्तरं ओळीने आठवतात.

जे माहीत आहे ते ऐनवेळी जिभेवर का येत नाही, या एका प्रश्नाभोवती हे पुस्तक लिहिलं आहे. ‘सराव कमी पडतो’ आणि ‘आत्मविश्वास नाही’ ही त्याची नेहमीची उत्तरं. ती खोटी नाहीत, पण त्यांनी काही उलगडत नाही. सराव तर दहा वर्षं चालूच होता, मग तो नेमका कशाचा होता? मराठीत गप्पा रंगवणारा माणूस इंग्रजीत शिरताच मिटून जातो, तो का? माझं म्हणणं असं आहे की दुसरी भाषा अस्खलित बोलायला त्या भाषेत घडलेल्या आपल्या स्वतःच्या आठवणी लागतात. त्या भाषेत कधीतरी भांडलेलं असावं लागतं, कुणाची समजूत काढलेली असावी लागते, कुणाला तरी पोट धरून हसवलेलं असावं लागतं. शाळेतल्या इंग्रजीने आपल्यापैकी बहुतेकांच्या पदरात एकच आठवण टाकली, परीक्षेची. काहींच्या वाट्याला त्याहून वाईट आली: उभं राहून धडा वाचताना वर्गात पिकलेला हशा.

स्मरणशक्ती ही एकच एक गोष्ट नाही, हे कसं कळलं ते आधी सांगायला हवं. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. फिट्स येणं थांबावं म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढून टाकला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर त्याच्या लक्षात नवीन काही राहीना. भेटायला आलेला माणूस खोलीबाहेर जाऊन पुन्हा आत आला तर त्याच्या लेखी ती पहिलीच भेट असे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेघांनी काढलेली चांदणी फक्त आरशात बघून, दोन रेघांच्या मधून पेन्सिलीने गिरवायची. पहिल्या खेपेला हे कुणालाच धड जमत नाही. तीन दिवसांत मोलेसनचा हात सफाईने चालू लागला, आणि तिसऱ्या दिवशीही आपण हे पूर्वी केलं आहे याचा त्याला पत्ता नव्हता. माहिती साठवणारी स्मृती गेली होती, करून करून अंगात मुरणारी स्मृती शाबूत होती. दोघींची घरं मेंदूत वेगवेगळी आहेत, हे त्यातून उघड झालं.

पुढे मिशेल पॅराडिस आणि मायकेल उलमन या संशोधकांनी हा फरक भाषेला लावला. मातृभाषेचं व्याकरण मुरणाऱ्या स्मृतीत असतं. ‘ती आली’ म्हणताना मराठी मूल लिंग-वचनाचा विचार करत नाही, आणि करायला सांगितलं तर गोंधळतं. मोठेपणी नियम पाठ करून शिकलेली भाषा सुरुवातीला तरी माहितीच्या स्मृतीत राहते. तिथून ती आठवून काढावी लागते, जशी इतिहासातली सनावळी.

हा फरक किती खरा आहे ते इटलीतल्या व्हेरोना भागातल्या एका वृद्ध बाईंमुळे दिसलं. वैद्यकीय लिखाणात त्यांचा उल्लेख आद्याक्षरांनीच येतो. जन्मभर त्यांचा सगळा व्यवहार व्हेनेतो बोलीत झाला होता. घरात तीच, शेजारीपाजारी तीच. प्रमाण इटालियन त्या लहानपणी थोडी वर्षं शाळेत शिकल्या होत्या आणि नंतर क्वचितच बोलल्या होत्या. मेंदूत रक्ताची गुठळी होऊन त्यांची वाचा गेली. काही काळाने बोलणं परतलं ते इटालियनमध्ये. त्या आपल्याच माणसांशी शाळेतल्या भाषेत बोलू लागल्या आणि घरची बोली त्यांना जड झाली. मालवणातल्या एखाद्या आजीने दुखण्यातून उठून नातवंडांशी पाठ्यपुस्तकातल्या मराठीत बोलावं, तसंच हे. घरच्यांना ते किती चमत्कारिक वाटलं असेल! इजा झाली होती ती डाव्या मेंदूच्या खोल भागातल्या चेतापेशींच्या पुंजक्यांना, ज्यांचा संबंध सवयीच्या, सरावाच्या कृतींशी असतो. सलवातोरे आल्योती आणि फ्रांको फाब्रो यांनी १९९३ साली हे प्रकरण मांडलं. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की बोली मुरलेल्या स्मृतीत होती म्हणून तिला धक्का बसला. इटालियन शिकून लक्षात ठेवलेली होती, म्हणून ती वाचली. रोजची, जिवाभावाची, पहिली भाषा गेली आणि शाळेतली उरली, हे वाचल्यावर मी बरेच दिवस त्याच विचारात होते. ‘येणारी’ भाषा आणि ‘माहीत असलेली’ भाषा यांत फरक आहे, तो फक्त कमीजास्तीचा नाही.

आपल्याकडच्या पिढ्यांनी इंग्रजी मिळवली ती ‘माहीत असलेल्या’ भाषेच्या वाटेने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर हात बसवून कितीतरी माणसं वकील झाली, मामलेदार झाली, इंग्रजी ग्रंथ वाचू लागली. त्या वाटेला मी नावं ठेवणार नाही. वाचण्या-लिहिण्यासाठी ती उत्तम होती आणि त्या काळी गरजही तीच होती. पण मराठी वाक्य मनात पुरं करायचं आणि मग त्याचं इंग्रजी करायचं, ही सवय तिने लावली आणि ती पुस्तकं मागे पडली तरी सवय मागे पडली नाही. कागद थांबतो. समोरचा माणूस थांबत नाही.

पाठांतराला सरसकट दोष देण्याची हल्ली रीत आहे, ती मला पटत नाही. न्यू जर्सीत वाढलेली मराठी घरातली पोरं एरवी मराठीत दोन वाक्यं धड बोलत नाहीत, पण गणपतीत उभी राहिली की अख्खी आरती न अडखळता म्हणतात, तीही टाळ्यांच्या ठेक्यावर, योग्य ठिकाणी आवाज चढवून. ते पाठांतरच आहे. पण ते तोंडाने झालेलं, चार माणसांत झालेलं, मोदकाच्या आणि धुपाच्या वासात झालेलं आहे. पेपरात उतरवण्यासाठी केलेली घोकंपट्टी आणि हे, दोहोंना आपण एकाच नावाने हाक मारतो आणि मग दोन्ही टाकून देतो.

आता भीतीबद्दल. बोलत असताना आपण ज्या जागेत वाक्य जुळवतो ती जागा फार लहान असते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली तिला कार्यकारी स्मृती म्हणून मांडलं. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत धरून ठेवणं, उत्तर ठरवणं, शब्द शोधणं, क्रियापदाचा काळ बघणं, सगळं तिथेच. मातृभाषेत यातलं बहुतेक काम आपोआप होतं म्हणून जागा मोकळी राहते. दुसऱ्या भाषेत ती आधीच भरलेली, आणि त्यात ‘मी चुकलो तर हे काय म्हणतील’ हा विचार येऊन बसतो. मग ठेवायचं कुठे काय? १९८६ साली एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परक्या भाषेच्या वर्गातली ही धास्ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली केली. त्यांचा मुद्दा असा की ही भीती एकूण भित्रेपणाहून वेगळी आहे. एरवी धीट असलेला माणूसही या एका वर्गात थरथरतो, कारण इथे त्याला स्वतःला स्वतःसारखं मांडताच येत नाही. चाळिशीतला शाखाधिकारी सात वर्षांच्या मुलासारखी वाक्यं बोलतो आणि ते त्याला ऐकू येत असतं.

भावना आणि स्मृती यांचं नातं सरळ असतं तर काम सोपं झालं असतं. ते दुहेरी आहे. मनाला हलवणारा प्रसंग घडला की शरीरात जी रसायनं सुटतात ती त्या प्रसंगाची आठवण पक्की करतात. जेम्स मॅकगॉ यांचं सगळं आयुष्य हे दाखवण्यात गेलं. पण तीच ताणाची रसायनं, आठवून काढण्याच्या क्षणी रक्तात असली तर आड येतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांनी आदल्या दिवशी शब्दांची यादी पाठ केली. दुसऱ्या दिवशी, परीक्षेच्या तासभर आधी, काहींना अशाच एका रसायनाची, कॉर्टिझोनची, गोळी दिली. त्यांना शब्द कमी आठवले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की आपल्या वर्गात काय होतं ते कळतं. बाईंनी उठवलं, उच्चार चुकला, पोरं हसली. त्या क्षणी मुलाच्या मनात काय पक्कं बसतं? बरोबर उच्चार नव्हे, तो हशा. आणि वीस वर्षांनी मुलाखतीत भीती पुन्हा जागी होते तेव्हा शब्द दडून बसतात आणि हशा तेवढा हजर होतो. मिशिगनमध्ये अलेक्झांडर ग्विओरा यांनी १९७२ साली काही अमेरिकन तरुणांना मोजून थोडी दारू दिली आणि थाई शब्द म्हणायला लावले, तर थोड्या मात्रेला त्यांचे उच्चार सुधारले आणि मात्रा वाढली तसे बिघडले. थाई त्यांना आधी येत नव्हती आणि दारूने शिकवली नाही. ‘हे परके आवाज माझ्या तोंडून निघताना मी कसा दिसेन’ हा पहारा तेवढा सैल झाला, असं ग्विओरांचं म्हणणं होतं.

कुठली भाषा अंगावर काटा आणते, हे मोजता येतं. कॅथरीन हॅरिस, आयशे आयचिचेई आणि जीन बर्को ग्लीसन यांनी २००३ साली तुर्की-इंग्रजी द्विभाषिक लोकांच्या बोटांना यंत्र लावून त्वचेवरच्या घामातला फरक पाहिला. लहानपणी खाल्लेली बोलणी, म्हणजे आपल्याकडच्या ‘लाज नाही वाटत?’सारखी वाक्यं, तुर्कीत ऐकवली की यंत्राचा काटा हलायचा. तीच इंग्रजीत ऐकवली तर फारसं काही नाही. अर्थ दोन्हीकडे सारखाच कळत होता. तुर्की वाक्याला मात्र आईचा आवाज होता. याच संशोधकांनी पुढे दोन्ही भाषा लहानपणीच उचललेली माणसं तपासली तेव्हा हा फरक तसा दिसला नाही. म्हणजे भाषेत भावना जन्माने येत नाही. ज्या वयात, ज्या माणसांमध्ये, ज्या प्रसंगांत ती कानावर पडली त्यांच्याबरोबर येते.

आठवणीसुद्धा भाषेला चिकटून असतात. व्हियोरिका मारियन आणि उल्रिक नायसर यांनी २००० साली दाखवलं की रशियातून अमेरिकेत आलेल्या विद्यार्थ्यांना रशियनमध्ये विचारलं की तिकडचे दिवस अधिक आठवतात, इंग्रजीत विचारलं की इकडचे. आपल्याला हे पाढ्यांवरून ठाऊक आहे. आयुष्यभर परदेशात इंजिनियर म्हणून काम केलेला मराठी माणूस हिशेब करताना ओठातल्या ओठात ‘सात सक्कं बेचाळीस’ म्हणतो. दारात अंगठा ठेचला की कुठल्याही देशात ‘आई गं’ निघतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नातली बेर्ता पापेनहाइम नावाची तरुणी आजारी वडिलांची शुश्रूषा करत होती. मानसोपचाराच्या इतिहासात ती ‘ॲना ओ.’ या नावाने प्रसिद्ध आहे. १८८० मधल्या एका रात्री वडिलांच्या उशाशी बसलेली असताना तिला भिंतीतून साप येताना दिसला. तिने प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला. कुठलीच भाषा सुचेना. शेवटी इंग्रजीतली लहान मुलांची एक कविता आठवली आणि मग त्या भाषेत तिला विचार करता आला, प्रार्थना म्हणता आली. पुढे कित्येक महिने ती जर्मन बोलूच शकत नव्हती, इंग्रजीत मात्र बोलत होती. तिचे डॉक्टर योसेफ ब्रॉयर यांनी हे सविस्तर लिहून ठेवलं आहे. मातृभाषा असह्य झाली तेव्हा दुसरी भाषा तिच्यासाठी आसरा ठरली.

त्याहून मोठ्या प्रमाणावर हे मोनिका श्मिड यांना आढळलं. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरातून नाझी राजवटीत बाहेर पडलेल्या आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांत स्थिरावलेल्या ज्यूंच्या जर्मनमधल्या मुलाखती त्यांनी तपासल्या. दशकं उलटली होती. कुणाची जर्मन अजून लख्ख होती, कुणाची मोडकी झाली होती, काहीजण तर ती बोलायलाच नाखूश होते. वाटेल की लहान वयात देश सोडलेल्यांची भाषा जास्त गेली असेल, किंवा ज्यांनी ती कमी वापरली त्यांची. सगळ्यात ठळक फरक निघाला तो देश कधी सोडला यात. १९३५ च्या आधी निघालेल्यांची भाषा बऱ्यापैकी टिकली होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर सिनेगॉग जाळले गेले, ज्यूंची दुकानं फोडली गेली. त्यानंतर निघालेल्यांची सर्वांत जास्त ढासळली होती. ज्या भाषेत आपल्याला माणसातून उठवलं गेलं ती भाषा त्यांनी मनातून दूर सारली. भाषाशिक्षणावरची कितीतरी पुस्तकं मी वाचली आहेत. या एका निष्कर्षाइतकं मला दुसऱ्या कशाने शिकवलेलं नाही. मातृभाषेचं असं होत असेल तर भीतीच्या आणि अपमानाच्या आठवणींवर उभी केलेली दुसरी भाषा जिभेवर का ठरेल?

दुसऱ्या भाषेत भावना बोथट असतात, याचा काहींना उपयोगही होतो. आल्बेर्त कोस्ता आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक जुना पेच लोकांपुढे ठेवला: पाच जणांना वाचवण्यासाठी एकाला पुलावरून ढकलाल का? मातृभाषेत वीस टक्के लोक ‘हो’ म्हणाले, परक्या भाषेत तेहेतीस टक्के. ज्यांच्याबद्दल मराठीत तोंडून शब्द फुटणार नाही अशी दुःखं समुपदेशकासमोर इंग्रजीत सांगणारी माणसं आपल्या शहरांत आहेत.

पण हा थंडपणा कायमचा नसतो, आणि याचे दोन मोठे पुरावे आपल्याच शेजारचे आहेत. काकासाहेब कालेलकर साताऱ्यात जन्मले, मराठीत वाढले. गुजराती त्यांना मोठेपणी, गांधीजींच्या आश्रमात आणि गुजरातच्या सार्वजनिक कामात लाभली. तिच्यात ते असे रमले की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं. साताऱ्यापासून कारवारपर्यंतचं, मराठी घरातलं आपलं बालपण त्यांनी ‘स्मरणयात्रा’त लिहिलं ते गुजरातीत. आठवणी मराठीत घडलेल्या, त्या सांगितल्या दुसऱ्या भाषेत, आणि गुजराती वाचकांना त्या आपल्या वाटल्या. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी होती. गल्लीतली, बाजारातली, लोकगीतांमधली कन्नड त्यांनी कानांनी घेतली आणि तिच्यात ते कन्नडचे फार मोठे कवी झाले. १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना ‘नाकु तंती’साठी मिळालं. दोघांचंही दुसऱ्या भाषेशी नातं पुस्तकातून जडलं नव्हतं. कालेलकरांना गुजरातीत सहकारी मिळाले, विद्यार्थी मिळाले, एक अख्खी चळवळ मिळाली. बेंद्र्यांना गाव मिळालं.

एवढ्या मोठ्या माणसांची उदाहरणं देऊन वाचकाला दडपण आणायचं नाही, म्हणून एक साधं. आमच्याकडच्या एका मोठ्या रुग्णालयात केरळहून आलेली एक सिस्टर आहे. मराठी ती एक दिवसही शिकलेली नाही, देवनागरी तिला सावकाश लावावी लागते. रात्रपाळीला एक आजी सुई टोचून घ्यायला तयार नव्हत्या. ‘आजी, जेवला का तुम्ही? मग ताकद आहे. हात ढिला सोडा. बघा, झालं पण!’ असं बोलता बोलता तिने सुई दिली. मल्याळममध्ये क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे तिची आजी ‘जेवला’ आणि आजोबा ‘झोपली’. आजींनी ते दुरुस्त केलं नाही. ‘जेवले गं बाई’ म्हणून उत्तर दिलं. तिचे पहिले मराठी शब्द ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘उलटी’, ‘घाबरू नका’. यातल्या प्रत्येकामागे एक खरा चेहरा होता, आणि शब्द चुकला तर परीक्षेतले मार्क जाणार नव्हते, माणसाची अडचण होणार होती. त्याच वॉर्डात इंग्रजीत नव्वदच्या वर मार्क मिळवलेला एक तरुण आईसाठी बसून होता. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायची वेळ आली की तो सिस्टरला पुढे करायचा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. आधी ती पाचवीपासून होती. वर्षं वाढली, त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण खेड्यातल्या मुलाला त्या भाषेत भांडायला, चिडवायला, गोष्ट सांगायला कुणी आहे का, हा प्रश्न तसाच राहिला. वर्गाच्या दारापाशी सुरू होऊन तिथेच संपणारी भाषा कितीही लवकर सुरू केली तरी तिला आठवणी कुठून मिळणार?

पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं ऐकण्याबद्दल आणि मोठ्याने, चार माणसांत बोलण्याबद्दल आहेत. त्यांत लिहायचं काहीच नाही, आणि घाईने पुढे जाणाऱ्या वाचकांनीही ती टाळू नयेत. तिसरं प्रकरण नियमांचं आहे. नियम मी वगळलेले नाहीत. मोठ्या माणसाला त्यांचा आधार लागतो आणि तो नाकारणं हा अन्याय आहे. फक्त आधी तोंडी बसलेल्या वाक्यांना नंतर नियम, असा क्रम मी धरला आहे. चौथं प्रकरण शिक्षकांसाठी आहे आणि त्यांनी ते सर्वांत आधी वाचावं, कारण चूक कधी दुरुस्त करायची आणि कधी ऐकून सोडून द्यायची याचा सगळा विचार तिथे आहे. माणूस काही सांगायच्या भरात असताना त्याला थांबवून ‘इज’ नव्हे ‘आर’ असं सांगणाऱ्या शिक्षकाला माझा विरोध आहे, आणि तो मी तिथे सौम्य केलेला नाही.

पाचवं प्रकरण ज्यांना या भाषेचा धसका आहे त्यांच्यासाठी. अशा विद्यार्थ्याच्या हाती जुनं पाठ्यपुस्तक पुन्हा देऊ नये, जुन्या शाळेच्या बाकावरही बसवू नये. त्याला जे मनापासून आवडतं तिथून सुरुवात करावी: कालच्या सामन्यातलं शेवटचं षटक, पुरणपोळीची कृती, बंद पडलेली मोटारसायकल कशी चालू केली ते. ऐकणारा नवा असावा आणि त्याला ती गोष्ट खरोखर माहीत नसावी. पहिले काही आठवडे एकही चूक दाखवू नये. या पद्धतीत विद्यार्थी पहिल्यांदा स्वतःहून जास्तीचं वाक्य बोलतो तो दिवस कसा ओळखायचा आणि त्यानंतर काय करायचं, हे त्या प्रकरणाच्या शेवटी विस्ताराने लिहिलं आहे.